भांडी बाजारामागचे जुने शेड-होल्डर

नाशिकच्या भांडी बाजारामागच्या या दुकानात विजेच्या सुरुवातीच्या काळातले पितळी शेड-होल्डर, म्हणजे दिव्याची काचेची शेड धरणाऱ्या कड्या, मिळतात. माल अस्सल, पण पॉलिश इतकं घासलेलं की जुनी झाक पार गेली. सव्वादोन इंची (57 मिमी) गळ्याच्या काचेला तीन स्क्रूंची कडी लागते. गळा मोजूनच घ्या. काच कडीत डुगडुगली तर एका स्क्रूवर भार येतो. स्क्रू बोटाने टेकवायचे, मग पाव फेरा सैल. तापल्यावर काचेला फुगायला जागा हवी, नाहीतर काठाला तडा ठरलेला. बल्बचा होल्डर 22 मिमी बायोनेटचा (दोन पिनांचा बल्ब दाबून फिरवायचा) असेल तर आजचा एलईडी बसतो. कापडी वायर मात्र बदलाच, आतलं रबर ठिसूळ होऊन गळतं. पितळी अंगाला अर्थिंगही जोडून घ्या. दुकानदाराच्या ‘चालू आहे’वर जाऊ नका.