अमेरिकेतलं अनएम्प्लॉयमेंट: काही महिने वापरल्यावर

अनएम्प्लॉयमेंट म्हणजे नोकरी गेल्यावर राज्याकडून मिळणारा बेकारी भत्ता. पैसे मिळतात, हे आधी सांगून टाकते. उशिरा मिळतात, वाटलं होतं त्यापेक्षा कमी मिळतात, आणि मिळेपर्यंत ‘पेंडिंग’ या एका शब्दाकडे बघत बसावं लागतं. पण एकदा सुरू झाले की बिनबोभाट खात्यात येत राहतात. माझा ले-ऑफ झाला तेव्हा ओळखीच्या मराठी लोकांत धड सांगणारं कुणी भेटलं नाही. ज्यांनी क्लेम, म्हणजे या पैशांसाठी अर्ज, केला होता ते बोलत नव्हते, आणि जे बोलत होते त्यांनी कधी केला नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं राज्य कुठलं ते मुद्दाम सांगत नाही. ढाचा सगळीकडे सारखा असला तरी आकडे आणि अटी राज्यागणिक बदलतात, माझे आकडे तुमच्या कामाचे नाहीत.

न बोलण्याचं कारण उघड आहे. सरकारकडून पैसे घेतले म्हटलं की आपल्या लोकांना कमीपणा वाटतो. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं तर ‘सध्या कन्सल्टिंग बघतोय’ म्हणायचं आणि मोदकाकडे वळायचं. पण हा विमा आहे, दान नाही. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून ही रचना देशभर आली (विस्कॉन्सिनने १९३२ सालीच स्वतःचा कायदा केला होता), आणि हप्ता भरते ती कंपनी. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलरवर फेडरल कर लागतो. राज्याचा कर वेळेवर भरणाऱ्या कंपनीला सवलत वजा होऊन तो साधारणपणे माणशी ४२ डॉलरपर्यंत खाली येतो. खरा हप्ता राज्याचा. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात कर्मचाऱ्याच्या पगारातूनही थोडे कापतात. तिथे असाल तर पे-स्टब (पगाराची पावती) काढून बघा, आजवर तुम्हीही भरत आला आहात.

राज्याच्या कराची एक गंमत लक्षात ठेवा. त्याचा दर कंपनीच्या इतिहासावर ठरतो: जितक्या जास्त माजी कर्मचाऱ्यांना पैसे मिळाले, तितका दर चढतो. निरोपाच्या कॉलवर गोड बोलणारा एचआर नंतर क्लेमबद्दल विचारणाऱ्या राज्याच्या पत्राला वेगळंच उत्तर का देतो, हे त्यातून कळतं. ले-ऑफचं पत्र हातात असेल आणि त्यात ‘पद रद्द झालं’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर फारशी चिंता नाही. ‘तुम्ही स्वतःच राजीनामा दिलात तर रेकॉर्ड चांगला राहील’ असं कुणी सुचवलं तर मात्र सही करण्याआधी थांबा. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला क्लेम मिळवताना सबळ कारण सिद्ध करावं लागतं.

व्हिसाचं सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. ईएडीवर (काम करण्याच्या परवानगीच्या कार्डावर) असाल, म्हणजे एच-४ (एच-१बी वाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वाले किंवा ग्रीन कार्डचा अर्ज अडकलेले, तर ते कार्ड चालू असेपर्यंत साधारणपणे अडचण नसते. एच-१बी, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावाल्यांचं दुखणं वेगळं. परवानगी एकाच कंपनीपुरती, ती नोकरी गेली की ‘कामासाठी उपलब्ध’ या अटीत ते साधारणपणे बसत नाहीत, आणि वर फार तर ६० दिवसांची मुदत डोक्यावर. कर त्यांच्याही पगारावर भरला जातो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आहे हे असं आहे.

क्लेम कुठे टाकायचा, इथे बरेच जण गोंधळतात. राहता त्या राज्यात नाही, काम केलंत त्या राज्यात. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून रोज न्यू यॉर्कच्या मॅनहॅटनला जात असाल तर क्लेम न्यू यॉर्कचा. घरून काम करत असाल तर कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियात असलं तरी बहुधा तुमच्या घराचं राज्य. दीड वर्षात दोन राज्यांत नोकऱ्या झाल्या असतील तर दोन्हीकडचा पगार एकत्र धरून क्लेम करता येतो, फक्त तसं मागावं लागतं. आणि सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ते पैसे) संपायची वाट बघू नका. सेव्हरन्सचा हिशेब राज्य आपल्या पद्धतीने करतं: न्यू यॉर्कमध्ये मोठ्या रकमेमुळे सुरुवातीचे आठवडे कोरडे जाऊ शकतात, कॅलिफोर्नियात सहसा काही फरक पडत नाही. क्लेम मात्र ज्या आठवड्यात टाकता तिथूनच धरला जातो, मागची तारीख सहज मिळत नाही.

रक्कम किती? आयटीतला पगार डोक्यात ठेवून आलात तर निराशा होईल. हिशेब शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चारांच्या पगारावर होतो, म्हणजे नुकतीच मिळालेली पगारवाढ धरलीच जात नाही. आणि वर कमाल मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात ती २००५पासून आठवड्याला ४५० डॉलरवर अडकलेली आहे. फ्लोरिडात २७५, आणि बेकारीचा दर कमी असेल तर तेही १२च आठवडे. वॉशिंग्टन राज्यात हजाराच्या वर जाते. बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे, आणि अनेक ठिकाणी पहिला आठवडा बिनपैशांचा. माझ्या रकमेतून किराणा, वीज आणि फोन भागत होतं. घराचा हप्ता त्यातून निघेल असं समजू नका.

आता माझा क्लेम जिथे अडकला ते. नाव! माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मध्ये आहे, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते पूर्ण, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, आणि कंपनीच्या पेरोलमध्ये मधलं नाव गायबच. एका नावाची तीन रूपं म्हणजे यंत्राला तीन वेगळ्या बायका. ओळख पडताळणीत सेल्फी काढा, लायसन्स दाखवा, चेहरा डावीकडे-उजवीकडे वळवा, सगळं पार पडलं आणि शेवटी ‘माहिती जुळत नाही’. ज्यांची मधली नावं वडिलांची किंवा नवऱ्याची आहेत, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच, त्यांनी नोकरी शाबूत असतानाच पेरोलमधलं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी अक्षरश: जुळवून घ्यावं. राज्य त्या नोंदीशी ताडून बघतं. लग्नाआधीचं नाव एखाद्या जुन्या नोंदीत असेल तर विवाहाचा दाखला इंग्रजीत जवळ ठेवा. माझा महापालिकेचा दाखला मराठीत होता, भाषांतर करून घ्यावं लागलं.

त्यानंतर टपालाने एक पत्र आलं: आठवड्याला इतके डॉलर, एकूण इतके. घरात आनंदीआनंद. पण ते मंजुरीचं पत्र नसतं. तुमचा पगार पुरेसा होता एवढंच ते सांगतं. नोकरी का गेली, तुम्ही पात्र आहात का, हा निर्णय वेगळा आणि नंतरचा. त्याआधी जुन्या कंपनीला उत्तर द्यायला मुदत मिळते. पत्रातला पगार तिमाहीवार तपासा, एखादी कंपनी गाळलेली असू शकते. अपिलाची मुदतही पत्र पाठवल्याच्या तारखेपासून मोजतात, तुमच्या हातात पडल्यापासून नाही. कॅलिफोर्नियात ३० दिवस, टेक्सासमध्ये १४च. टपालपेटी रोज उघडा.

फोन लागत नाही. हे सगळ्या राज्यांत ऐकलं. पोर्टलही सतत उघडून बघण्यात अर्थ नाही, माझ्या क्लेमची स्थिती बदलायची ती रात्रीतूनच. अनेक राज्यांच्या यंत्रणा दशकानुदशकं जुन्या मेनफ्रेमवर चालत आल्या आहेत. एप्रिल २०२०मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरनी कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर सांगितलं, तेव्हा वाय-टू-केच्या (सन २०००ला संगणकांतल्या तारखा बिघडण्याच्या भीतीच्या) काळात आलेल्या आपल्या मंडळींनी ‘आता आमची आठवण झाली’ म्हणून भरपूर हसून घेतलं होतं.

मला उपयोगी पडला तो उपाय अगदी देशी: आमदाराचं ऑफिस. राज्याच्या विधिमंडळातल्या तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयात मतदारांच्या अडचणी बघायला माणसं नेमलेली असतात आणि ती खात्याकडे थेट चौकशी पाठवू शकतात. वशिला लागत नाही, नागरिकत्व लागत नाही, ओळख तर अजिबातच नाही. एक फॉर्म आणि क्लेमची थोडक्यात हकिगत. माझी फाइल त्यानंतर हलली.

आता साप्ताहिक सर्टिफिकेशन. लोक याला औपचारिकता समजतात, पण सगळा खेळ इथे आहे. दर आठवड्याला (काही ठिकाणी दर दोन आठवड्यांनी) तेच प्रश्न: काम करायला सक्षम होतात का, उपलब्ध होतात का, काम शोधलंत का, आलेलं काम नाकारलंत का, काही कमावलंत का. क्लेम पेंडिंग असला, अपील चालू असलं, तरी हे चुकवायचं नाही. निर्णय तुमच्या बाजूने लागला तरी न भरलेल्या आठवड्यांचे पैसे मिळणं कठीण होतं. कमाईचं उत्तर काम केलं त्या आठवड्यात आणि कर कापण्याआधीच्या रकमेत द्यायचं, चेक कधी का येईना. शनिवार-रविवारी कुणाच्या वेबसाइटचं काम केलंत, शेजारणीच्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी घेतलीत, सगळं मोजलं जातं. बहुतेक राज्यांत थोडी कमाई झाली तरी सगळी रक्कम कापत नाहीत, तेव्हा लपवण्यात शहाणपण नाही.

आणि भारतवारी. नोकरी गेली की आईचा फोन येतो: आता वेळ आहे तर महिनाभर ये. जा, जरूर जा, पण त्या आठवड्यांचे पैसे मागू नका. देशाबाहेर असताना तुम्ही इथल्या कामाला उपलब्ध नसता, आणि पुण्याहून लॉगिन केलं तर ते पोर्टलला दिसतं. माझ्या ओळखीतल्या एकाला यावरून मिळालेले पैसे परत करण्याचं पत्र आलं, वर दंड. मी गेले तेव्हा ते आठवडे सोडून दिले आणि परत आल्यावर क्लेम पुन्हा चालू केला.

कौतुक एकाच गोष्टीचं मनापासून करते. काही क्लेमधारकांना निवडून राज्य सक्तीच्या भेटीला बोलावतं, नोकरी शोधताय का ते बघायला. पत्राचा सूर असा की गेला नाहीत तर पैसे बंद. मी अर्जांची वही घेऊन धाकधुकीतच गेले. कंपनी, पद, तारीख, पुढे काय झालं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. समोरच्या बाईंनी ती नीट वाचली, रेझ्युमे अर्धा कापायला लावला आणि प्रशिक्षणाच्या एका सरकारी निधीची माहिती दिली, जी मला पोर्टलवर कधीच सापडली नसती. सगळ्या प्रवासात माणसाशी बोलल्यासारखं वाटलं ते तेवढंच.

कराचं विसरू नका. या पैशांवर फेडरल आयकर आहे. सुरुवातीलाच १० टक्के कापून घ्यायचा पर्याय असतो, तो घ्या. जानेवारीत १०९९-जी हा मिळालेल्या पैशांचा फॉर्म येतो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया राज्याचा कर लावत नाहीत, बाकी अनेक राज्यं लावतात.

नवी नोकरी लागली की माझ्या पोर्टलवर क्लेम बंद करायचं बटण नव्हतं, सर्टिफाय करणं थांबवायचं. मात्र रुजू झालात तो आठवडा भरताना त्यातली कमाई लिहाच, पहिला पगार पंधरा दिवसांनी आला तरी. नव्या कंपनीला २० दिवसांत तुमची नोंद सरकारकडे पाठवावी लागते आणि राज्य ती क्लेमशी ताडून बघतं. उरलेली रक्कम क्लेमचं वर्ष संपेपर्यंत तशीच राहते. नवी नोकरीही गेली तर तोच क्लेम पुन्हा उघडता येतो, म्हणून पासवर्ड जपून ठेवा.