क्लब बदललाय, जर्सीचं काय? सावंतवाडीतल्या एका छपाईवाल्याचं काम

सावंतवाडीच्या बाजारात जर्सी छापणारं एक छोटं दुकान आहे. तापवून दाबणारा एक हीट प्रेस, अक्षरं कापणारा एक कटिंग प्लॉटर, डीटीएफची (फिल्मवर छापून तापाने कापडावर उतरवायची छपाई) तयार फिल्म मागवण्याची सोय आणि भिंतीला लावलेले कापडाचे नमुने. टेनिस बॉल क्रिकेटच्या टीमा, गोविंदा पथकं आणि गणपती मंडळं हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. फुटबॉलचे चाहते मात्र एक वेगळंच काम घेऊन येतात: क्लब बदललाय, आता या जर्सीचं काही करता येईल का? हे परीक्षण त्या एका कामापुरतं आहे. नव्या जर्सीवर नाव-नंबर टाकून घ्यायचा असेल तर इथे डोळे मिटून जा. जुनी जर्सी नव्या क्लबाची करून घ्यायची असेल तर जाऊ नका. दुकानदार स्वतःच नाही म्हणतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

असं गिऱ्हाईक सिंधुदुर्गातच का, ते नकाशा बघितला की कळतं. मडगावचं फातोर्डा स्टेडियम सावंतवाडीहून शंभर किलोमीटरच्या आत, तर मुंबई पाचशेच्या घरात. पण अर्धा गाव मुंबईला, त्यामुळे चाकरमान्यांबरोबर मुंबई सिटीच्या आकाशी जर्सी गावात येतात आणि शेजारून एफसी गोवाचा नारिंगी रंग खुणावत असतो. दोन्ही इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतले क्लब, २०१४ पासूनचे. माणसं इकडून तिकडे जातात आणि तिकडून इकडेही. खुद्द क्लबांनीच तसा पायंडा पाडलाय. गोव्याला घडवणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा २०२० मध्ये मुंबईला गेले, त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, ह्युगो बूमू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे खेळाडूही गेले, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीत पहिलं येण्याची शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही उचलले. अंतिम सामना झाला तोही फातोर्ड्यालाच. पुढे २०२४ मध्ये ब्रँडन फर्नांडिसही मुंबईकडे गेला. त्याच वर्षी २४ एप्रिलला उपांत्य फेरीत ९० व्या मिनिटापर्यंत २-० ने पुढे असलेला गोवा फातोर्ड्यावर ३-२ ने हरला. अशा रात्रीनंतर कोणी जर्सी कपाटात कोंबतो, तर कोणी ती घेऊन छपाईवाल्याकडे येतो.

आता मुख्य मुद्दा. आकाशी जर्सी नारिंगी करता येत नाही. जर्सीचं कापड छापून रंगवायची पद्धत म्हणजे सब्लिमेशन, आणि त्याची शाई पारदर्शक असते. १९०-२०० अंशांवर तिची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते, वर थर म्हणून बसत नाही. म्हणून तिला पांढरं किंवा अगदी फिकट कापड लागतं. आकाशीवर नारिंगी मारलं तर मातकट, चिखलासारखा रंग येतो. शिवाय शिवलेल्या जर्सीवर सब्लिमेशन केलं की काखेत आणि शिवणीजवळ, जिथे कापड दुमडलेलं असतं, तिथे जुन्या रंगाच्या रेघा राहतात. व्यवस्थित काम हवं तर तुकडे आधी छापून मग शिवायचे असतात, आणि तसं केलं तर ती नवी जर्सीच झाली. डाय करून द्या म्हणणाऱ्यांनाही तेच उत्तर. पॉलिस्टरला डिस्पर्स डाय लागतो, तोही उकळत्या पाण्यात. एवढं करूनही जुना रंग खालून डोकावतोच आणि प्रायोजकाची छपाई सुटायला लागते. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "हो रंग जावचो नाय."

जुनं नाव-नंबर काढणं हे त्यातल्या त्यात शक्य असलेलं काम. इथे ते असं करतात: जर्सी उलटी करून अक्षराच्या मागच्या बाजूने थोडा वेळ प्रेस लावतात, गोंद मऊ झाला की एक कोपरा चिमट्याने उचलतात आणि कापड ताणू न देता आडवं, सावकाश ओढतात. घाई केली की व्हिनाइल, म्हणजे अक्षराचा चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर, फाटतं, गोंद कापडावरच राहतो आणि तो घासून काढताना धाग्याला चकाकी येते. पॉलिस्टर ताप सहन करतं, पण तापलेल्या अवस्थेत दाबून घासलेलं सहन करत नाही. काम छान झालं तरी भूत राहतं. अक्षराखालचं कापड उन्हात आणि धुण्यात विटलेलं नसतं, त्यामुळे जुन्या खेळाडूचं नाव गडद आकाशीत वाचता येतं. जर्सी एका हंगामाची असेल तर हे फारसं दिसत नाही. तीन-चार हंगाम वापरली असेल तर पैसे वाया.

छातीवरच्या क्लबाच्या बिल्ल्याचं त्याहून वाईट. फॅन जर्सीवर तो बहुतेक भरतकामाचा असतो, तर खेळाडूंच्या धर्तीच्या जर्सीवर ताप देऊन चिकटवलेला. भरतकाम उसवलं की विणलेल्या कापडाला सुईची भोकं राहतात, ती बुजत नाहीत, आणि एखादा धागा तुटला की शिडीसारखी रेघ खाली धावते. चिकटवलेला बिल्ला निघतो, पण जागा टकली दिसते. दुसऱ्या क्लबाचा बिल्ला छापून द्यायला दुकान साफ नकार देतं. ट्रेडमार्कचा मामला आहे, तिथे हट्ट करू नये.

नव्या जर्सीचं काम मात्र पाहण्यासारखं आहे, आणि जिल्ह्यात इतरत्र बहुतेक जण जिथे चुकतात तिथेच हे सावध असतात. नारिंगी पॉलिस्टरवर पांढरी अक्षरं टाकली की दोन-चार दिवसांत ती फिकट नारिंगी, आंब्याच्या मिल्कशेकच्या रंगाची होतात. हा व्हिनाइलचा दोष नाही. तापामुळे कापडातला रंग सुटून वर चढतो. लाल आणि नारिंगी कापडावर हे सगळ्यात जास्त, आकाशीवर थोडं कमी. दुकानातून जर्सी पांढरीशुभ्र मिळते, म्हणून गिऱ्हाईकाला कळत नाही. मग ती बंद गाडीत उन्हात राहिली की अक्षरं रंग प्यायला लागतात. उपाय दोन, आणि दोन्ही एकदम लागतात: मागे करडा थर असलेलं ब्लॉकर व्हिनाइल, आणि साध्या व्हिनाइलच्या १५०-१६० अंशांऐवजी १३०च्या आसपास ताप. हे दुकान तसंच करतं. एकच तोटा, ब्लॉकर त्यांच्याकडे फक्त पांढऱ्या आणि काळ्या रंगात असतं. सोनेरी किंवा निळी अक्षरं हवी असतील तर ती साध्या डीटीएफमध्ये घ्यावी लागतात, आणि ती नारिंगीवर घेऊ नयेत.

प्रेसवर नजर ठेवा, उभं राहू देतात. आधी रिकामी जर्सी तीन ते पाच सेकंद दाबतात, त्याने कापडातला दमटपणा निघतो. आपल्या हवेत ही पायरी गाळली की अक्षराखाली वाफेचे फोड येतात. मग अक्षरं मांडून दहा ते पंधरा सेकंद, फिल्म काढून टेफ्लॉन शीट ठेवून पुन्हा पाच सेकंद. पाठीवर आडवी शिवण असेल तर आत फोमची गादी सरकवतात, नाहीतर शिवण वर उचलली जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दाब लागत नाही. जाळीदार कापडावर नंबर टाकू नका म्हणून ते आधीच सांगतात. भोकांमध्ये गोंदाला धरायला काही नसतं.

देवनागरीत नाव हवं असेल तर हाच छपाईवाला निवडावा. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी कमानीत मांडता येतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरागणिक तुटते, आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. इथला मुलगा आख्खं नाव एका आकारात जोडून मग वाकवतो, त्यामुळे रेघ सलग राहते. जुन्या फाँटमध्ये टाइप केलं तर रफार भलत्याच अक्षरावर जातो, म्हणून नाव मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा आणि कापण्याआधी स्क्रीनवर वाचा. अक्षरं दोन ते अडीच इंच, नंबर दहा इंच. लहान मुलांच्या जर्सीला नंबर आठ इंचांवर आणतात. उकार आणि अनुस्वार फार बारीक घेऊ नका. कापल्यावर फालतू व्हिनाइल टोच्याने काढताना टिंब उडून जातं, आणि चिकटलं तरी पहिलं सुटतं तेच.

दर असे: नाव-नंबर ब्लॉकरमध्ये २०० रुपये, साध्या डीटीएफमध्ये १५०, जुनं काढायचे १०० आणि त्याला हमी नाही. शहरापेक्षा फार स्वस्त नाही, पण मुंबईला पाठवून कुरिअर भरण्यापेक्षा परवडतं. नाव-नंबर त्याच दिवशी मिळतो. टीमच्या पूर्ण सब्लिमेशन जर्सी घाटावर छापून येतात, त्याला आठ-दहा दिवस धरा, आणि जोराच्या पावसात घाटात दरड आली तर त्याहून जास्त. तक्रारीची एकच जागा म्हणजे वीज. पावसाळ्यात व्होल्टेज पडलं की प्रेसचा आकडा स्क्रीनवर बरोबर दिसतो, पण पाटा कडेला थंड असतो. अशा दिवशी छापलेल्या नंबराचे कोपरे महिनाभरात उठतात. लाइट मिणमिणत असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणायला हवं. ते नेहमी म्हणत नाहीत, म्हणून आपणच म्हणावं.

जर्सी हातात घेताना एक अक्षर दोन बोटांत धरून आडवं थोडं ताणून पाहा. कड पांढरी पडून उचलली गेली तर तिथल्या तिथे पुन्हा दाबून घ्या, त्याचे पैसे लावत नाहीत. पहिली धुलाई चोवीस तासांनंतर, उलटी करून, साध्या पाण्यात. तांबड्या मातीचा डाग पडला म्हणून दगडावर आपटणं किंवा ब्रश मारणं नंबराला सगळ्यात घातक. माती आधी वाळू द्या, झटका, मग साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवा. ब्लीच नको, वाळत सावलीत, इस्त्री छापावरून कधीच नाही.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि दहीहंडीचा आठवडा सोडून जा. त्या दिवसांत प्रेसवर मंडळांचे गठ्ठे असतात, फोमची गादीही कोपऱ्यात पडलेली असते, आणि एकट्या जर्सीकडे बघायला कोणाला सवड नसते.