होटगी रोडच्या टेम्पोतली 'मंगळवेढ्याची' ज्वारी घेऊ नका

सोलापुरात होटगी रोडला निळी ताडपत्री लावलेला टेम्पो उभा राहतो. फळ्यावर लिहिलंय, 'मंगळवेढ्याची अस्सल मालदांडी, ३८ रुपये किलो'. मालदांडी म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. मी दोन पोती घेतली. ३,८०० रुपये, वर ६० रुपये हमाली. लुटायचीसुद्धा हमाली घेतली भामट्यानं!

दुकानात ५२ चा भाव. घरात सहा माणसं, दोन्ही वेळेला भाकरी, शिवाय कडक भाकरी पुण्याला लेकीकडं जातात. किलोमागं १४ रुपये सुटत असतील तर कुठला सोलापूरकर गाडी थांबवणार नाही? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही फळ्यावर होतं.

नमुना खरा मालदांडीचाच. टपोरा, मोत्यासारखा दाणा, मी दातानं फोडून बघितला. मग आतला दाणा काढून दाखवायला त्यानं पोत्यात लोखंडी नळी खुपसली. दोन्ही पोत्यांना तोंडाजवळच. मी म्हटलं, "मधे मारा की." तर म्हणतो, "पोतं फाटतंय ओ मालक, वाटंत सांडंल." तागाचं पोतं नळीनं फाटत नाही हो! आडतीवर रोज तेच चालतं. पण तेवढ्यात पोऱ्यानं पोतं काट्यावर टाकलंसुद्धा, आणि आकडा माझ्याकडं वळवला तो थेट ५०.२००. आधी शून्य होता का, ते ताडपत्रीआड. मागं चौघं "आटपा, आटपा" करत होते. ती त्याचीच माणसं, पैजेवर सांगतो. अशा गर्दीत कुणीही गंडला असता.

गिरणीत शिवलेली पोती तोलली. एक ४१ किलो ३००, दुसरं ४२ किलो १००. म्हणजे १६ किलो ६०० ग्रॅम हवेतच. उसवल्यावर वर वीतभर मालदांडी, खाली पावसात काळी पडलेली खरिपाची हायब्रीड. थापताना भाकरीच्या कडा चिरतात.

रिकामा काटा शून्य दाखवतो का ते आधी बघा. काट्याची दरवर्षी तपासणी लागते, प्रमाणपत्र मागा.

पोलिसांकडं गेलो तर, "वजनाचं आहे, वजनमापाच्या ऑफिसात जा." तिकडं साहेब जेवायला. आले चार वाजता. "पावती?" नाही. "काटा कुठाय?" काटा काय मी खिशात घालून आणू? "पोतं आणा." रिक्षाला १२० रुपये घालून नेलं, तर "हे फोडलंय, आता पुरावा कसला?" न फोडता आत काय आहे ते कळणार कसं, विचारलं. उत्तर मिळालं, "रस्त्यावर घेता कशाला?" पगार कशाचा घेतात हे लोक? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर निदान तक्रार क्रमांक मिळाला, पण विक्रेत्याचं नाव-पत्ता त्यांनाही हवाच.

पैसे फोनवरून देणार असाल तर स्क्रीनवरचं नाव वाचा. माझ्या फोनवर पैसे गेल्याच्या नोंदीत कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं नाव आलंय. टेम्पोच्या नंबरचा फोटो पैसे देण्याआधी काढा, नंतर ते काढू देत नाहीत.

परवा तोच टेम्पो विजापूर रोडला मेव्हण्याला दिसला. भाव आता ३६ केलाय.