डब्लिनमध्ये मॅच कुठे बघावी: अविवा की क्रोक पार्क?

डब्लिनला शिकायला गेलेली भाची विचारतेय, पहिली मॅच कुठे बघू?

जायला अविवा स्टेडियम सोपं, लॅन्सडाउन रोड स्टेशन अगदी लगत आहे. आकारात क्रोक पार्क मोठं: सुमारे 82,000 प्रेक्षक, तर अविवात 51,700. पण जुनं मैदान पाडून बांधलेलं, 2010 मध्ये खुलं झालेलं अविवा नीट न्याहाळ. मागच्या घरांचा उजेड अडू नये म्हणून उत्तरेकडची बाजू मुद्दाम बुटकी ठेवली आहे. शेजाऱ्यांचा असा विचार मला फार आवडतो! क्रोक पार्कात उभ्याने मॅच बघायचं हिल 16 नावाचं स्टँड आहे.

आयर्लंडचं रग्बी किंवा फुटबॉल बघायचं तर अविवा. पण सिक्स नेशन्स या रग्बी स्पर्धेची तिकिटं सहज मिळत नाहीत. हर्लिंग, गेलिक फुटबॉल हे आयर्लंडचे पारंपरिक खेळ अनुभवायचे तर क्रोक पार्क.