स्टिअरिंगवरचा गियर आणि सोलापूरचं ऊन: पद्मिनी, दिवाळी ते आषाढी

दिवाळीच्या पाडव्याला आमची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आली. आता आषाढी आली. मधल्या काळात गावातली कामं, अक्कलकोट, तुळजापूर, दोन्हीकडची लग्नं, मे महिन्याचं ऊन आणि मृगाचे पहिले सपाटे, सगळं या गाडीनं बघितलं. त्यामुळं आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगतो. स्टिअरिंगवरचा गियर वाईट नव्हता आणि आजही नाही. त्याला बदनाम केलं ते झिजलेल्या बुशांनी, म्हणजे दांड्याच्या सांध्यांत बसणाऱ्या छोट्या नळकांड्यांनी. "ते गियर म्हणजे डोक्याला ताप" असं सांगणाऱ्या बहुतेकांनी कुणाची तरी दहा-पंधरा वर्षं रगडलेली गाडी चालवलेली असते. दांडा ढिला, मध्येच अडकतोय, तिसरा टाकायला जावं तर पहिला पडतोय. असली गाडी चालवून मत बनवलं तर ते वाईटच होणार.

ज्यांनी हे प्रकरण बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडं. गियरचा दांडा खाली सीटजवळ नसतो, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला आडवा असतो. आपल्याकडं ओढून वर नेला की पहिला, तसाच सरळ खाली आणला की दुसरा. ओढ सोडली की स्प्रिंग त्याला पलीकडच्या ओळीत नेते, तिथं वर तिसरा आणि खाली चौथा. पाचवा नाहीच. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, ओढ मागच्या चाकांना, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पुढचं सीट सलग बाकासारखं, म्हणून पुढं तिघं बसत. गियर वर स्टिअरिंगवर नेण्याचं कारणच ते. जमीन मोकळी राहिली की मधल्या माणसाचे पाय मोकळे.

आम्हा भावंडांचं शिक्षण त्या मधल्या जागेवरच सुरू झालं. गाडी थोरल्या काकांची, त्यांना सगळे अप्पा म्हणत. टॉवेलचे माग होते. मालाचे गठ्ठे डिकीत, उरलेले मागच्या सीटवर, आणि आमच्यातला एकजण पुढं मध्ये. दांडा अप्पांच्या डाव्या हाताला म्हणजे आमच्या उजव्या हाताशी. अप्पा क्लच दाबत आणि नुसतं म्हणत, "दुसरा." की आम्ही दांडा खाली घ्यायचा. "तिसरा." की सोडून वर. स्टिअरिंगला हात लावायचं वय नव्हतं, पाय पेडलला पोचत नव्हते, पण इंजिनचा आवाज कुठवर चढला की गियर मागतो हे कानाला कळायला लागलं. पुढं पुढं तर अप्पा आकडा सांगायचेच नाहीत. क्लच दाबायचे आणि वाट बघायचे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असलं काही शिकवता येत नाही, कारण तिथं क्लच आणि गियर एकाच माणसाकडं असतात. इथं दोघांत वाटून घेतलेलं काम होतं आणि दोघांनाही एकच आवाज ऐकावा लागायचा.

खरी गाडी हातात आली ती होम मैदानावर, पहाटे. गड्ड्याची यात्रा उठून मैदान मोकळं झालं होतं. पहिल्या दिवशी अप्पांनी किल्लीच फिरवू दिली नाही. इंजिन बंद, क्लच दाबून धरायचा आणि डोळे मिटून पहिल्यापासून चौथ्यापर्यंत जायचं, परत यायचं. दांड्याकडं नजर गेली की लगेच, "काय बे, गियरकडं काय बघतोस? ते काय पळून चाललंय का? रस्त्याकडं बघ." मला वाटतं स्टिअरिंगवरच्या गियरची मोठी सोय हीच. हात चाकापासून वीतभरसुद्धा लांब जात नाही आणि नजर काचेबाहेरच राहते.

मग पहिला गियर. या गाडीत दुसरा, तिसरा, चौथा यांना सिंक्रोमेश, म्हणजे गियरचे वेग आपोआप जुळवून घेणारी सोय आहे, पहिल्याला नाही. म्हणजे गाडी चालती असताना पहिला टाकायला गेलं की दात दातावर घासतात आणि सगळा चौक वळून बघतो. अप्पांचा नियम साधा होता: गाडी पूर्ण थांबली तरच पहिला. पण भैय्या चौकाजवळच्या रेल्वे पुलाच्या चढावर हा नियम पुरायचा नाही. पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं रिक्षा, दुसऱ्यावर गाडी गुदमरायला लागलेली. तिथं डबल क्लच. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची, परत क्लच दाबून पहिला. मधल्या रेसनं गियरच्या पेटीतले दात गोल फिरून पहिल्याच्या वेगाला येतात आणि गियर आवाज न करता बसतो. अप्पांनी हे एकदाही असं समजावून सांगितलं नाही. ते करून दाखवायचे आणि म्हणायचे, "हाताला सांगू नको, कानाला इचार." पेटीच्या आत काय चालतं ते मी पुष्कळ वर्षांनी एक उघडलेली पेटी बघितली तेव्हा समजलं, पण हात आणि कान ते आधीच करत होते.

आता मुद्द्याचं, म्हणजे लिंकेज. दांडा स्टिअरिंगवर आणि गियरची पेटी इंजिनच्या मागं खाली. मध्ये दोन सळया जातात. एक ओळ निवडते, दुसरी गियर आत ढकलते. प्रत्येक सांध्याला बुश. प्रत्येक बुश नखभर झिजला तरी सगळं मिळून वर दांड्यापाशी बोटभर ढिलाई येते. मग न्यूट्रलला खालच्या दोन्ही खापा, म्हणजे खाचा, एका रेषेत येत नाहीत, आणि दुसऱ्यावरून तिसरा टाकताना दांडा मध्येच रुतून बसतो. जुन्या लोकांना आठवत असेल, सात रस्ता चौकात बॉनेट उघडून, हात खाली कोपरापर्यंत घालून उभा असलेला ड्रायव्हर. इंजिन चालू, मागं हॉर्न, आणि हा हातानं खापा सरळ करतोय. तेव्हा हे इतकं सवयीचं होतं की कुणी थांबून विचारतही नसे.

आमची गाडी शेडमधून बाहेर काढली तेव्हा तिची हीच गत होती. जोडभावी पेठेतल्या ज्या मिस्त्रींकडं मी गेलो ते वयानं सत्तरीचे, हात अजून स्थिर. त्यांनी गाडी सुरूही न करता दांडा दोन बोटांत धरून नुसता हलवला आणि म्हणाले, "मालक, पेटी नका उघडू. पेटी चांगली हाय. वरचं सगळं बुशांचं हाय." पुण्याच्या नाना पेठेतून बुशांचा संच मागवला. तो रबरी माल काही टिकला नाही, महिन्या-दीड महिन्यात पुन्हा ढिलाई. मग मिस्त्रींनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर नायलॉनच्या रॉडमधून बुश टर्न करून घेतले. प्रत्येक पिनचं माप वेगळं घेतलं, कारण पिनाही सारख्या झिजलेल्या नव्हत्या. बुश बसवल्यावर दांडा न्यूट्रलला ठेवून सळयांची लांबी नटांनी अशी जुळवली की खालच्या दोन्ही खापांतून एक सरळ सळई आरपार गेली. हीच खूण. ती सळई आरपार जाते तोवर गियर अडकत नाही. तेव्हापासून आजवर गियरसाठी बॉनेट उघडावं लागलेलं नाही. दांडा दोन बोटांनी फिरतो, आणि तिसऱ्यावरून चौथा तर मनगटानंच पडतो. मी खाली सीटजवळ गियर असलेल्या गाड्याही खूप चालवल्या. इतका हलका गियर त्यांतल्या थोड्यांचाच.

उन्हाळ्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकला की या गाडीत पेट्रोल हे टाकीतून इंजिनकडं ओढणाऱ्या पंपातच उकळायला लागतं. पंप इंजिनच्या अंगाला चिकटलेला, इंजिनच्याच हालचालीवर चालणारा. आत पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच ओढत बसतो, कार्ब्युरेटरपर्यंत काही पोचत नाही. गाडी झटके खाते आणि बंद पडते. उपाय पूर्वीचाच: पंपावर ओलं फडकं, पाच-दहा मिनिटं सावली. मी डिकीत पाण्याचा कॅन आणि जुना सोलापुरी टॉवेल ठेवूनच असतो. दुपारी बारा ते चार गाडी काढायचीच नाही हे मे महिन्यात ठरवून टाकलं आणि त्रास जवळजवळ संपला. पेट्रोलची रबरी नळी आणि पंपाचा पडदा दोन्ही नवे घातले, कारण आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. ज्यांच्या घरी जुनी गाडी उभी आहे त्यांनी हे एक काम आजच करून घ्यावं. गळकी नळी आणि तापलेलं इंजिन यांच्याशी खेळ नको.

थंडीत चोक ओढून एका दमात सुरू होते. पावसात वायपर फार संथ. ॲव्हरेज गावात अकरा-बारा, तुळजापूर रस्त्याला चौदाच्या जवळ. साठ-पासष्टला गाडी खूश असते, त्यापुढं तिला ताणू नये. हैदराबाद हायवेला मी तिला नेत नाही. तिथं तिच्या ब्रेकचा आणि बाकीच्यांच्या वेगाचा मेळ बसत नाही. अंतर राखून, आधीच गियर उतरवून, इंजिनच्या रेट्यानं वेग कमी करणं ही सवय लागते. पुढच्या मधल्या जागेवर मी आता कुणालाही बसवत नाही, लहान मुलाला तर नाहीच. तिथं पट्टा नाही आणि समोर लोखंडी डॅशबोर्ड आहे. आम्ही तिथं बसून शिकलो हे खरं, पण तेव्हाचा विजापूर रस्ता निम्मा रिकामा असायचा.

पुतणी इंजिनीअरिंगला आहे, लायसन्स आहे, रोज नवी गाडी चालवते. तिला ही चालवायची होती. पहिले काही दिवस तिचा डावा हात आपोआप खाली जायचा आणि सीटवर आपटायचा. मी तिला अप्पांसारखंच आधी इंजिन बंद ठेवून बसवलं. "काका, याच्यात किती गोष्टी मला करायच्या आहेत!" म्हणाली. पण एकदा गियरची वाट कळल्यावर ती माझ्यापेक्षा हलक्या हातानं टाकायला लागली. परवा भैय्या चौकाच्या चढावर तिनं चालत्या गाडीत डबल क्लच करून पहिला टाकला. जराही आवाज नाही. मी तिला शाबासकी दिली आणि तिनं नुसतं समोर बघत विचारलं, "आता दुसरा कधी?" मी म्हटलं, मला नको विचारू. इंजिनला विचार.

एक गोष्ट आपल्या गावाची म्हणून लिहितो. ही गाडी कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बनली, ती १९४४ मध्ये उभी केली वालचंद हिराचंद यांनी, आणि त्यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. वालचंद कॉलेजसमोरून रोज हजारो मुलं जातात, पण देशात मोटारी बनवायचं धाडस केलेला हा माणूस इथला होता हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. फियाटच्या परवान्यावरची तीच ११०० गाडी सत्तरच्या दशकात पद्मिनी या नावानं आली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून तर ती २०२३ पर्यंत धावली. त्या टॅक्सीवाल्यांचे हात बघा कधी जुन्या चित्रीकरणात. दांड्याकडं कुणीच बघत नाही.

कुणी अशी गाडी घेणार असेल तर रंग, क्रोम, सीट कव्हर नंतर बघा. इंजिन बंद ठेवून दांडा न्यूट्रलला धरा आणि वर-खाली हलवा. बोटभराच्या वर ढिलाई असेल तर बुशांचा खर्च धरून भाव करा. पेटीचा खर्च लगेच धरू नका. मग चालवून दुसऱ्यावरून तिसरा सावकाश टाका आणि लगेच घाईत टाकून बघा. घाईतच अडकायचा तो अडकतो. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी आरटीओतून नूतनीकरण झालेली आहे का आणि कधीपर्यंत, तेही कागदावर बघा, तोंडी ऐकू नका. आणि ५.२०-१४ मापाचे टायर दुकानात सहसा पडून नसतात. चारही झिजलेले असतील तर गाडी घरी आणायच्या आधीच टायरवाल्याला सांगून ठेवा.