अपस्मारावरील औषध: ब्रँडचे घ्यावे की जेनेरिक, आणि त्रास झाल्यास दोष कशाला द्यावा

अपस्माराचे निदान होऊन औषध सुरू करायची वेळ आली, की बहुतेकांना एकाच वेळी दोन शंका घेरतात: हे औषध आपल्याला सोसेल का, आणि जेनेरिक गोळी (तेच औषध वापरून इतर कंपन्यांनी बनवलेली) ब्रँडच्या, म्हणजे औषध प्रथम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या गोळीइतकीच झटके रोखेल का. या शंका वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळ्या ठिकाणी सापडतात. सोसण्याचा प्रश्न मुख्यतः गोळीतल्या मूळ, म्हणजे प्रत्यक्ष परिणाम करणाऱ्या औषधाचा असतो, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. तर झटके रोखण्याच्या बाबतीत गोळी ब्रँडची की जेनेरिक यापेक्षा ती दर महिन्याला त्याच उत्पादकाची मिळते का, हे पाहणे माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे.

प्रथम दोन्ही गोळ्यांत काय सारखे असते ते पाहू. मूळ औषध, त्याची मात्रा आणि ते घेण्याचा मार्ग सारखाच असतो. वेगळे असतात ते भरणपदार्थ (गोळीला आकारमान देणारे, स्वतः औषध नसलेले पदार्थ), रंग, आकार आणि वेष्टन. जेनेरिकला परवानगी मिळण्यापूर्वी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देऊन रक्तातील औषधाची पातळी मोजली जाते आणि दोन्हींचे गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या मर्यादेत असावे लागते. जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी किंवा २५ टक्के जास्त असले तरी चालते, असा या आकड्यांचा अर्थ सर्रास लावला जातो आणि तो चुकीचा आहे. या मर्यादेत केवळ सरासरी बसून भागत नाही. त्या सरासरीभोवतीचा सांख्यिकीय अनिश्चिततेचा संपूर्ण पट्टा आत बसावा लागतो. सरासरीच काठावर असेल, तर पट्ट्याचे एक टोक बाहेर जाते आणि औषध नापास ठरते. अमेरिकेत सर्व प्रकारच्या औषधांच्या सुमारे दोन हजार चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा एकूण शोषणातील सरासरी फरक सुमारे ३.५ टक्के आढळला. ज्या औषधांत उपयुक्त पातळी आणि घातक पातळी जवळजवळ असतात, त्यांच्यासाठी युरोपात ही मर्यादा आणखी आवळून सुमारे ९० ते १११ टक्के केलेली आहे.

तरीही या शंकेला अजिबात आधार नाही, असे म्हणता येणार नाही. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाच्या कॅप्सूलमधील कॅल्शियम सल्फेट हा भरणपदार्थ बदलून त्याजागी लॅक्टोज वापरण्यात आला. औषधाची मात्रा तीच होती, पण शोषण वाढले आणि अनेक रुग्णांमध्ये तोल जाणे, डोळे थरथरणे यांसारखी विषबाधेची लक्षणे दिसली. फेनिटॉइनचा स्वभावच असा आहे, की यकृताची ते पचवण्याची क्षमता एका टप्प्यावर संपते आणि त्यानंतर मात्रेत किंचित वाढ झाली तरी रक्तातील पातळी एकदम चढते. त्या काळी आजच्यासारख्या चाचण्यांची सक्ती नव्हती, हे खरे. पण फेनिटॉइनच्या बाबतीत डॉक्टर आजही उत्पादक बदलायला का कचरतात, ते यावरून समजते.

आता मुख्य तुलना. जो रुग्ण पहिल्यांदाच औषध सुरू करत आहे आणि जेनेरिकनेच सुरुवात करत आहे, त्याच्या बाबतीत शंकेला सर्वांत कमी जागा आहे. डॉक्टर मात्रा कमीपासून वाढवत नेतात आणि कुठे थांबायचे ते झटके व त्रास पाहून ठरवतात. म्हणजेच मात्रा त्याच गोळीवर, त्याच शरीरात बसवली जाते. आधीची एखादी साधलेली पातळी बिघडेल, अशी भीतीच नसते. शिवाय हे औषध बहुधा काही वर्षे घ्यावे लागते, त्यामुळे परवडण्याचा मुद्दा गौण मानता येत नाही. महागड्या गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड घेणारा माणूस ब्रँड वापरत असला, तरी उपचार घेत आहे असे म्हणता येत नाही.

ज्याला दोन-चार वर्षांत एकही झटका आलेला नाही आणि ज्याने आता स्वस्त पर्यायाकडे वळावे असे सुचवले जात आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी एका झटक्याची किंमत मोठी असते: गाडी चालवण्याची परवानगी जाऊ शकते, नोकरी अडचणीत येऊ शकते, पडून इजा होऊ शकते. सरासरी आकडे कितीही आश्वासक असले, तरी ही भीती अवास्तव नाही. पण पुरावा काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे. लॅमोट्रिजिन या अपस्मारावरील औषधाच्या जेनेरिकांपैकी एकमेकांपासून सर्वाधिक वेगळी ठरलेली दोन उत्पादने निवडून, तीसहून अधिक अपस्मारग्रस्तांना ती आलटून पालटून देणारा एक अमेरिकी अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तातील पातळीत अर्थपूर्ण फरक पडला नाही आणि झटकेही वाढले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतील अपस्मारतज्ज्ञांच्या संघटनेने मान्यताप्राप्त जेनेरिकच्या वापराला पाठिंबा दिला. हा अभ्यास लहान होता आणि एकाच औषधाचा होता, एवढे भान ठेवून तो वाचावा.

कोणत्या औषधात उत्पादक बदलला तर चालतो, याबद्दल ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये केलेली वर्गवारी मला सर्वांत उपयोगी वाटते. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटल आणि प्रिमिडोन घेणाऱ्यांनी एकाच उत्पादकाचे औषध धरून ठेवावे, असा तिचा सल्ला आहे. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, टोपिरामेट, क्लोबाझाम, ऑक्सकार्बाझेपिन अशांच्या बाबतीत रुग्णाची स्थिती पाहून, त्याच्याशी बोलून डॉक्टरांनी ठरवावे. लेव्हेटिरासिटाम, लॅकोसामाइड, गाबापेंटिन, प्रेगाबालिन यांच्या बाबतीत, विशेष कारण नसेल तर, एकाच उत्पादकाचा आग्रह धरण्याची गरज नाही. म्हणून ब्रँड की जेनेरिक हा प्रश्न विचारण्याआधी आपले औषध यांपैकी कोणत्या गटात मोडते, ते डॉक्टरांना विचारावे. लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्याने या चिंतेत झोप घालवू नये. अपुऱ्या झोपेनेच झटका येण्याची शक्यता जास्त.

आणखी एका बदलाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही: एका जेनेरिकवरून दुसऱ्या जेनेरिकवर जाणे. प्रत्येक जेनेरिकची तुलना ब्रँडशी होते, दोन जेनेरिकांची आपसांत नाही. आणि औषधविक्रेत्याकडे या महिन्याला जो माल आला असेल तो मिळतो. इथे शोषणापेक्षा गोंधळाचा धोका मोठा आहे. काल पांढरी असलेली गोळी आज गुलाबी दिसली, की कोणी ती चुकीची समजून टाळतो, तर कोणी जुनी आणि नवी दोन्ही घेतो. २०१३ मधील एका अमेरिकी अभ्यासात अपस्माराच्या गोळीचा रंग बदलण्याचा आणि औषधात खंड पडण्याचा संबंध आढळला होता. त्यामुळे दुकानातून निघण्यापूर्वी स्ट्रिपवरचे ठळक व्यापारी नाव सोडून त्याखालचे बारीक अक्षरांतले औषधाचे नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि शेवटची एसआर, सीआर, ईआर, एक्सआर ही अक्षरे जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहावीत. या अक्षरांनी औषध सावकाश सोडणारी गोळी ओळखता येते. साधी गोळी आणि सावकाश सोडणारी गोळी या एकमेकींच्या जागी घ्यायच्या नसतात.

दुष्परिणामांकडे वळल्यावर मात्र ब्रँड आणि जेनेरिक यांतील तुलना जवळपास संपते. सुरुवातीच्या आठवड्यांत गुंगी, गरगरणे, मळमळ, डोके जड होणे हे बहुतेक औषधांत कमीअधिक होते आणि अनेकदा हळूहळू ओसरते. त्यापलीकडे प्रत्येक औषधाची स्वतःची खूण असते. लेव्हेटिरासिटामने चिडचिड वाढते आणि ती रुग्णाच्या आधी घरच्यांना जाणवते. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात आणि नेमका शब्द आठवत नाही. कार्बामॅझेपिनने एकाचे दोन दिसू शकतात आणि रक्तातील सोडियम उतरू शकते. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, हात थरथरतात, केस गळतात. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट घेतल्यास दहापैकी सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आणि शंभरातील ३० ते ४० मुलांत विकासाच्या अडचणी आढळतात. महागडा ब्रँड निवडल्याने हा धोका तसूभरही कमी होत नाही, हे विशेषतः तरुण स्त्रियांना स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.

नवख्या रुग्णाला फसवणारी एक गोष्ट कार्बामॅझेपिनमध्ये घडते. हे औषध स्वतःला पचवणारी यकृतातील विकरे (एन्झाइम) वाढवते, त्यामुळे मात्रा तीच असूनही पहिल्या तीन ते पाच आठवड्यांत रक्तातील पातळी आपोआप उतरते. या काळात झटका आला, की दोष जेनेरिकला दिला जातो; प्रत्यक्षात ब्रँडची गोळी असती तरी तेच झाले असते. कार्बामॅझेपिनच्याच गोळ्या दमट जागी, उदाहरणार्थ न्हाणीघरातील कपाटात, ठेवल्यास कडक होतात आणि त्यांचा परिणाम सुमारे एकतृतीयांशाने कमी होऊ शकतो. हा दोषही कारखान्याचा नसतो.

त्रास होईलच अशी खात्री मनात बसलेली असली, तर त्रास खरोखर होतो, आणि म्हणून तो खोटा ठरत नाही. परंतु अशा वेळी नुसत्या आठवणीवर विसंबू नये. गोळीची वेळ, चुकलेला डोस, झोप, ताप, मद्य, नव्याने सुरू झालेले दुसरे औषध आणि त्रासाची वेळ हे सगळे वहीत लिहावे, शिवाय स्ट्रिपचे छायाचित्र काढून ठेवावे. उत्पादक बदलणे अटळच असेल, तर फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन घेणाऱ्याने डॉक्टरांशी बोलून बदलापूर्वी एकदा आणि बदलानंतर पातळी स्थिरावल्यावर एकदा रक्तातील पातळी तपासून घ्यावी. दोन्ही वेळा रक्त सकाळच्या गोळीआधी द्यावे, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. नव्या गोळीवर पातळी सारखी आणि त्रास वेगळा असेल, तर लॅक्टोज किंवा एखादा रंग आपल्याला सोसत नाही का, ही चौकशी रास्त आहे.

गुंगी किंवा मळमळ यांसाठी पुढच्या भेटीपर्यंत थांबता येते. अंगावर पुरळ, विशेषतः त्यासोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण, चेहऱ्यावर सूज असे काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे लागते. लॅमोट्रिजिन, कार्बामॅझेपिन आणि फेनिटॉइन यांच्याबाबत हे विशेष खरे. डोळे पिवळे होणे, पोटात तीव्र दुखून उलट्या होणे, जीव नकोसा वाटणे यांतही थांबू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे.

जेनेरिकवर विश्वास बसत नाही म्हणून परस्पर गोळी बंद करणे हा या सगळ्या पर्यायांतला सर्वांत घातक पर्याय आहे, कारण औषध अचानक थांबल्यास एकामागून एक झटके येऊ शकतात. ज्याने लॅमोट्रिजिन असे सोडून पाच-सहा दिवस घालवले आहेत, त्याने पूर्वीची पूर्ण मात्रा स्वतःहून पुन्हा सुरू करू नये. घातक पुरळाचा धोका मात्रा भराभर वाढवल्याने वाढतो, म्हणून एवढ्या खंडानंतर बहुधा पुन्हा लहान मात्रेपासून चढावे लागते. डॉक्टरांना फोन करताना शेवटची गोळी कोणत्या दिवशी घेतली होती, ते नेमके सांगावे; सुरुवात कुठून करायची हे त्यावरच ठरते.