बार, गोठ्याची मॅट आणि तळची डाळ : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेले नऊ महिने मी घरच्या शेडमध्ये बार, म्हणजे टोकांना वजनाच्या प्लेटा अडकवायचा लांब लोखंडी दांडा, उचलते आहे. आधी चुकलेली खरेदी सांगते, म्हणजे कुणाचे तरी पैसे वाचतील.

मागच्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. पडली म्हणजे काय, बाथरूमच्या उंबऱ्यावर अडखळली, बस. मी ४६ वर्षांची. पाळी थांबली की इस्ट्रोजन उतरतं आणि हाडं वेगाने विरळ व्हायला लागतात, हे माहीत होतं. पण ते आईच्या एक्स-रेवर बघणं वेगळं. हाडांवर भार टाका, असं डॉक्टरांनी आईला नाही, मला सांगितलं. त्या आठवड्यात मोबाइलवर एक ‘होम जिम सेट’ दिसला. ५० किलो, सोबत दोन रॉड, हातमोजे, दोरी, वर टीशर्ट फुकट. किंमत २,४०० रुपये. मागवला.

दुसऱ्या महिन्यात एक चकती फरशीवर टेकली आणि कडेला तडकली. आतून राखाडी भुकटी सांडली. वरून प्लास्टिक, आत वाळू-सिमेंटसारखं काहीतरी. मग डोक्यात किडा वळवळला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन न फुटलेली ‘१० किलो’ची चकती काट्यावर ठेवली. ८ किलो ७०० ग्रॅम. दुसरी ९ किलो १००. म्हणजे महिनाभर मी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वजन घेऊन बैठका मारत होते, वर वहीत ‘उजवा खांदा दुखतो’ असं लिहीत होते. शेवटी तो सेट भंगारात काढला. भंगारवाल्याने रॉड घेतले, चकत्या परत दिल्या. “ताई, यात लोखंड कुठाय?”

आता ज्याबद्दल लिहायचं आहे ते. खरा बार, २० किलोचा, सात फुटांहून थोडा लांब. बिडाच्या साध्या प्लेटा : १० किलोच्या चार, ५ च्या दोन, अडीचच्या दोन. एका वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचे दोन स्टँड करून घेतले, मागेपुढे आडवे हात लावून, म्हणजे बैठकीतून उठता आलं नाही तर बार त्यांच्यावर टेकवून बाहेर निघता येतं. हे आडवे हात नसतील तर घरी एकटीने बार मानेवर घेऊ नका, एवढा एकच सल्ला मी हट्टाने देईन. सगळं मिळून १७ हजार आणि वर काही.

आणि मॅट. जिमच्या रबरी टाइल्सचे भाव बघून डोळे पांढरे झाले. आमच्याकडे मिरजेत, सगळ्या सांगली जिल्ह्यातच, दुभत्या जनावरांचे गोठे कमी नाहीत. पशुखाद्याच्या दुकानात म्हशीखाली घालायची जाड रबरी मॅट मिळते. ती आणली. १,९०० रुपये. पहिला महिनाभर वास येतो, रबराचा, म्हशीचा नाही. नऊ महिन्यांत खालची शहाबादी फरशी एकदाही तडकली नाही. या सगळ्या खरेदीत डोळे झाकून पुन्हा घेईन अशी वस्तू एकच, ही मॅट.

बारबद्दल तक्रार आहे, पण ती माझ्याच अज्ञानाची. बायकांसाठी १५ किलोचा, २५ मिलिमीटर जाडीचा बार वेगळा असतो. पुरुषांचा २८ मिलिमीटर. तीन मिलिमीटरने काय होतंय, असं वाटेल. माझ्या हातात हा बार पूर्ण मावत नाही, आणि ६० किलोच्या पुढे पाठ थकायच्या आधी बोटं सुटतात. लांबीही जास्त, शेडमधली स्कूटर रोज बाहेर काढावी लागते. पावसाळ्यात बारवर तांबूस गंज चढतो. शिलाई मशीनचं तेल आणि जुना टूथब्रश, आठवड्यातून एकदा, की तो जातो.

बिडाच्या १० किलोच्या प्लेटा लहान असतात. स्पर्धेतल्या मोठ्या प्लेटांचा व्यास ४५ सेंटिमीटर, त्यामुळे बार नडगीच्या मध्यावर येतो. माझा बार पार घोट्यापाशी. एवढं वाकून उचलायला गेले की कंबर गोल होते. उपाय स्वयंपाकघरात निघाला : पंगतीचे लाकडी पाट. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाट एकावर एक, त्यावर प्लेटा. उंची बरोबर जमली. गौरी-गणपतीला पाट लागले तेव्हा चार दिवस डेडलिफ्ट (बार खालून उचलून सरळ उभं राहणं) बंद.

शिकण्याबद्दल. आधी एका जिममध्ये महिनाभर गेले होते. ‘लेडीज टायमिंग’ला ट्रेडमिल आणि दोन किलोचे गुलाबी डंबेल. बार मागितला तर ट्रेनर म्हणाला, “मॅडम, बॉडी होईल.” माझी बॉडी ४६ वर्षं आहेच, पण असो. तिथे पैसे गेले.

खरं शिकवलं शेजारच्या मुलीने. कॉलेजात वेटलिफ्टिंग करते, सहा रविवार सकाळी आली. आमच्या भागात हा खेळ परका नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात भारताचं पहिलं पदक सांगलीच्या संकेत सरगरने आणलं, ५५ किलो गटात. स्नॅच (जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) ११३, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, एकूण २४८ किलो. सोनं एका किलोने हुकलं आणि कोपर दुखावला तो वेगळाच. त्या दिवशी टीव्हीसमोर अख्खं घर बसलं होतं. तेव्हा मला स्नॅच आणि जर्क यांतला फरकसुद्धा कळत नव्हता. मी करते ते त्या खेळातलं नाही, हेही सांगायला हवं. माझं बैठक, डेडलिफ्ट आणि उभ्याने डोक्यावर दाबणं, एवढंच. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास.

ती मुलगी बोलते कमी. पहिल्या रविवारी मी बार उचलला, तिने खाली ठेवायला लावला. “काकू, बार ओढू नका. पायाने जमीन ढकला.” पुन्हा उचलला. त्या एका वाक्याने जे झालं ते तासभर व्हिडिओ बघून झालं नव्हतं. दुसरं तिने शिकवलं ते श्वासाचं : छाती फुगवायची नाही, पोट चहूबाजूंनी भरायचं, कमरेपर्यंत, जणू कुणी गुद्दा मारणार आहे. तिसरं, बार पायाच्या मधोमध वर असायला हवा, बोटांवरही नाही आणि टाचेवरही नाही. फोन स्कूटरच्या सीटवर टेकवून मी बाजूने व्हिडिओ काढते आणि बार सरळ रेषेत जातो का, एवढंच बघते.

आकडे. बैठक रिकाम्या बारपासून ५० किलोपर्यंत. डेडलिफ्ट ४० वरून ७५. घरातलं सगळं लोखंड चढवलं की ७५ च होतात, म्हणून तिथे थांबले आहे. डोक्यावर दाबणं २० वरून २७, त्याची गंमत शेवटी. वजन ६१ होतं, आता साडेबासष्ट आहे. कंबर कमी झाली, पण दोन ब्लाउजच्या बाह्या उसवाव्या लागल्या. टेलरबाईंनी “हातच वाढलेत” म्हणत टेप दोनदा लावून बघितली.

घरचं सिलिंडर आता मीच उचलते. त्याच्या कड्यावर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे, साधारण ३० किलो होतात. ऑनलाइन सेटपेक्षा सिलिंडरवरचा आकडा भरवशाचा.

इथपर्यंत सोपं होतं. बार सांगेल ते ऐकतो. जेवण ऐकत नाही, कारण जेवण माझं एकटीचं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यानुसार मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. माझ्यासाठी ५० ग्रॅम. वजन उचलणाऱ्याने दीडपट-दुप्पट घ्यावीत म्हणतात. मला वाटायचं, आपल्या घरात डाळ रोज असते, उसळ असते, ५० तर सहज होत असतील. स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला आणि आठवडाभर फक्त मोजलं, काही बदललं नाही. सरासरी ३६.

गणित लागेना. पाच माणसांना पाव किलो तूरडाळ म्हणजे माणशी ५० ग्रॅम, त्यात ११ ग्रॅम प्रथिनं. माझ्या वाटीत तेवढी का दिसत नाहीत? मग एका दुपारी वाटी ताटाआधी काट्यावर ठेवली, आणि आमटी तशीच थोडा वेळ निवू दिली. वर पाणी, तळाला बोटभर डाळ. मुलाच्या वाटीत अर्ध्यापर्यंत डाळ. भांड्यातली आमटी मीच वाढते. पळी तळापासून फिरवून मुलाला, मग नवऱ्याला, मग सासरे, आत्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर जे राहतं त्यात थोडं गरम पाणी घालून माझं. हे कुणी मला सांगितलेलं नाही. आईला असंच वाढताना पाहिलं होतं, ती आई जिचं हाड मोडलं.

त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही. वहीत फक्त ‘वरण : पाणी’ असं लिहिलं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. प्रोटीन हा शब्द त्यांच्यासमोर काढला की “ती डब्यातली पावडर ना, किडनी जाते” असं सुरू व्हायचं. खरं सांगायचं तर मी एक डबा आणलाही होता. पोट फुगलं, तोंड आलं, दीड महिन्यात संपवला आणि पुन्हा आणला नाही. पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळा असंच म्हटलं. पण मटकी, अंडी, सोयाबीन यांच्यासाठी घरात वाद कशाला? वाद झालाच. “तुला वेगळं शिजवायचं का आता?”

तोडगा मामांनी काढला. आत्यांचे भाऊ, तरुणपणी तालमीत घुमलेले, आता सत्तरीपलीकडे. आले होते तेव्हा मी शेडमध्ये होते. उभं राहून बघितलं. म्हणाले, “ही अर्धी बैठक झाली. टाचा उचलून खाली बस.” मी म्हटलं, मामा, मानेवर ४० किलो आहेत. मग गप्प झाले, आणि घरात जाऊन बहिणीला म्हणाले, “अक्का, पोरगी मेहनत करतीय. हिचा खुराक काय?”

खुराक! प्रोटीनला जे आठ महिन्यांत जमलं नसतं ते या एका शब्दाने एका दुपारी केलं. खुराक आत्यांना कळतो. भाऊ तालमीत असताना त्यांनीच बदाम वाटले होते, दुधाचा तांब्या नेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशीपासून माझा दुधाचा पेला ओट्यावर झाकून ठेवलेला असतो.

माझं रोजचं आता असं. दोन अंडी, १२ ग्रॅम. पाव लिटर दूध, ८. मोड आलेली मटकी, कोरडी मोजली तर ५० ग्रॅम, त्यात १२. सोयाबीन वड्या कोरड्या ४० ग्रॅम, २० च्या आसपास. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळल्या नाहीत तर तो वास जात नाही, आणि कांदा-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्याशिवाय त्या गिळवत नाहीत. तळापासून ढवळून घेतलेली डाळ, ९. ज्वारीच्या तीन भाकरी, १५. वाटीभर दही, ५. बेरीज ८० च्या पुढेमागे. दीडपटीला पुरून उरतं, दुपटीला कधीच पोचले नाही आणि आता प्रयत्नही करत नाही.

मोडतं कुठे तेही सांगते. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि अख्खा श्रावण अंडी बंद. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच; त्या दिवशी खिचडीतले दाणे दुप्पट करते, सोबत राजगिरा आणि दही. नवरात्रात मात्र चूक केली. सातव्या माळेला, नऊ दिवसांच्या उपवासात, नेहमीचंच वजन लावून बैठक मारली. तिसऱ्या वेळी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. वेल्डिंगवाल्याचे आडवे हात तेव्हा कामाला आले. नवऱ्याने आवाज ऐकला, येऊन बघितलं, काही बोलला नाही. रात्री स्वतःहून शेंगदाण्याची आमटी केली. जरा खारट झाली होती.

बाहेरचं जेवण, लग्नं, हुरडा पार्टी, यांचा हिशेब ठेवत नाही. काटा बॅगेत घालून लग्नाला जाणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेत. मला ते जमणार नाही.

आता ते २७ किलोचं. डोक्यावर दाबायचं वजन फार हळू वाढतं आणि माझ्याकडे सगळ्यात लहान प्लेट अडीचची. दोन्ही बाजू धरून एकदम पाचाची उडी. २५ जमले, ३० काही केल्या कपाळाच्या वर जाईनात. सव्वा किलोच्या प्लेटा मागितल्या तर दुकानदार म्हणाला, “एवढं हलकं कोण घेतं?” म्हणून सध्या दोन्ही टोकांना कापडी पिशव्यांत मिठाचा एकेक किलोचा पुडा बांधते, सुतळीने, घट्ट, नाहीतर झोके घेतो. महिनाभर छान चाललं. परवा मात्र बार सारखा उजवीकडे कलायला लागला. मला वाटलं, जुना खांदा पुन्हा निघाला. दोन सेट तसेच ओढले. मग पिशवी चाचपली. आत्यांनी लोणच्याला मीठ कमी पडलं म्हणून पुडा काढून नेला होता.

वहीत नोंद आहे : ‘मंगळवार. २६. डावीकडे मीठ नाही.’